जवाऱ्याचा रंग

सुखवंताबाईच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला प्रत्यक्ष देवी दारात उभी राहिली असती, तरी बाईनं तिला पाट दिला असता, पाणी दिलं असतं आणि आधी माझं ऐकून घे म्हटलं असतं. बाई वाईट नव्हती हो. कामाला वाघीण, जिभेला धार, पण पोटात माया. खोट एवढीच, की मायेला सुद्धा ती बैलासारखी जुंपायची आणि मग मागं वळून बघायची नाही.

गोंदियाजवळच्या मुर्रीत तिचं घर. नवरा गुलाबचंद पटले, पोवार जातीतला बरा शेतकरी. धानाच्या चार बांधींच्या पुढं चाळीस झाल्या तशी लोकं त्याला पाटील म्हणू लागली होती आणि तोही 'ओ' देऊ लागला होता. सुखवंताबाई मात्र पाटलीण झाली तरी आषाढात घरी बसू शकत नसे. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, चिखलात लावायची रोवणी लागली की तिचे हात शिवशिवायचे. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यानं ओळखू नये म्हणून पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची, लुगड्याचा काचा मारायची आणि मजुरणींच्या ओळीत वाकायची. एकदा वाकली की तिच्या पुढं कोणाची टाप नव्हती. मजुरणी म्हणायच्या, पाटलीणबाईच्या बोटांतून पऱ्हे आपोआपच चिखलात जातात. लेक धनवंताही तिच्या शेजारी उभी असायची, मायचं बघून बघून तयार झालेली.

आता रंगाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याचंच आहे. सुखवंताबाई काळी होती. सावळी-बिवळी नाही, स्वच्छ काळी. तिची सासू जिवंत होती तोवर उठता-बसता तिला इंजिनातून पडलेला कोळसा म्हणायची. आपण माळव्यातून, धारेहून आलो तेव्हा सगळेच्या सगळे गोरे होतो, इथल्या धानाच्या चिखलानं वाट लावली, असं त्या म्हातारीचं म्हणणं. धारेहून येताना तिच्या पणज्याचा रंग कोणी मोजून ठेवला होता देव जाणे. पण रोज ऐकलेला टोमणा हाडात मुरतो. सासू गेली, तेराव्याचे पुरीभात सुखवंताबाईनंच रांधले, पण तो कोळसा काही तिच्या छातीत विझला नाही. धनवंता तिच्याच वळणावर गेली होती, रंगानंही. आणि लेक सोळाची झाली तशी सुखवंताबाईची झोप उडाली.

पहिलं स्थळ बालाघाटकडचं आलं. माणसं गोड बोलली, पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि परतल्यावर निरोप धाडला की पोरगी कामाची दिसते, पण आमच्या घरात सगळे उजळ आहेत. सुखवंताबाई त्या दिवशी जेवली नाही. गुलाबचंद म्हणाला, जाऊ दे ना, दुसरं येईल. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ताट उचलून ओसरीवर जाऊन जेवण उरकलं.

त्याच सुमारास आश्विनातली नवरात्र बसली. पटल्यांच्या घरी देवीचा जवारा असे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बांबूच्या दुरड्यांत माती-शेणखत घालून गहू पेरायचे, देवीच्या अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, हळदीचं पाणी शिंपडायचं. दाराला पडदा, झरोक्याला गोणपाट, आत एकच दिवा. नऊ दिवसांत त्या काळोखात कोंब असे सरसर वाढतात, की विचारू नका. लांब, नाजूक आणि पिवळेधमक. ज्याच्या घरचा जवारा जास्त पिवळा, त्याच्यावर देवीची कृपा जास्त. हिरवा निघाला तर बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. नवमीला डोक्यावर दुरड्या घेऊन, गाणी म्हणत तलावात शिरवायचा, म्हणजे सोडायचा.

त्या वर्षी सुखवंताबाईनं पडदा सारला आणि सोन्यासारखा जवारा पाहून तिचा हात कपाळावरच राहिला. हाच गहू बाहेर शेतात पेरला तर काळपट हिरवा होतो. इथं अंधारात ठेवला तर सोनं! मग पोरीचं काय होईल?

झालं. डोक्यात शिरलं ते शिरलं.

कार्तिक लागला तशी धनवंता देवीच्या खोलीत गेली. लोकांना सांगितलं, पोरीनं देवीचं व्रत घेतलं आहे. पहाटे तांबडं फुटायच्या आधी अंगण, न्हाणी, विहीर. उजाडायच्या आत पुन्हा आत. अंगाला हळद आणि साय, जेवायला दूधभात. दिव्याच्या उजेडात बसून पोरीनं किती वाती वळल्या असतील! सुरुवातीला तिनं विचारलं, माय, कायले? सुखवंताबाई म्हणाली, तुह्याच भल्यासाठी. मायबापांनी भल्याचं नाव काढलं की पोरांचा प्रश्न तिथंच मिटतो, धनवंताचाही मिटला. कापणी झाली, मळणी झाली, नव्या तांदळाची खीर झाली. पोरगी आतच. शेजारची सुलोचनाबाई कधी पडद्याआडून हाक मारायची, तेवढीच गप्पांची सोय.

इकडं गुलाबचंदचं वेगळंच पिसं सुरू झालं. पौषात गोंदियाला शेतकी प्रदर्शन भरलं. मोठाले भोपळे, नवे नांगर, आणि एका तंबूत चित्रं लावून समजावून सांगणारा शेतकी खात्याचा एक माणूस. बाकीचे लोक भोपळे बघून परतले. गुलाबचंद त्या तंबूत बसला तो दिवे लागेपर्यंत. घरी आला तो नवा माणूसच होऊन.

त्यानं ऐकलं होतं ते असं. झाड माती खात नाही. आपण समजतो खत घातलं की झाड ते जेवतं, तसं नाही. खत म्हणजे मीठमसाला. झाडाचा खरा स्वयंपाक होतो पानात. मुळं खालून पाणी आणतात, पानाला बारीक बारीक तोंडं असतात त्यांतून हवा आत जाते, आणि पानात एक हिरवी वस्तू असते ती सूर्याचं ऊन पकडून ठेवते. त्या उन्हाच्या जाळावर पाणी आणि हवा यांची साखर बनते. त्याच साखरेचा पुढं तांदूळ, त्याच साखरेचा मोह, त्याच साखरेचा सागवान. आणि रांधून झाल्यावर पान जी हवा बाहेर टाकतं, ती घेऊन आपण जगतो. म्हणजे आपण ताटात जेवतो ते ऊनच, फक्त शिजवलेलं.

हे ऐकून जो माणूस वेडा होणार नाही तो माणूसच नव्हे, आणि गुलाबचंद पुरता झाला. पारावर तेच, बाजारात तेच, न्हाव्यापुढं दाढीला बसला तरी तेच. न्हाव्याचा वस्तरा दोनदा चुकला. नर्सरीच्या बांधीवर सावली पाडणाऱ्या आंब्याच्या फांद्या त्यानं छाटल्या. वऱ्हांड्यातली तुळस उचलून अंगणाच्या मध्यात नेली, बिचारीला किती वर्षं उपाशी ठेवलं म्हणून हळहळला. मांडवावरच्या भोपळ्याच्या एका पानावर त्यानं पळसाचं पान दुमडून काट्यानं टोचलं, काही दिवसांनी काढलं, आणि झाकलेला भाग फिका पडलेला बघून सगळ्या आळीला बोलावलं. हे बघा, म्हणाला, ऊन नाही तर चूल बंद. चूल बंद तर उपास. उपासानं पान पिवळं.

कोणीतरी विचारलंच, मग जवारा? तो तर अंधारातच वाढतो.

तेही त्यानं प्रदर्शनातल्या त्या माणसाला विचारून ठेवलं होतं. म्हणाला, तो वाढत नाही हो, तो पळतो. दाण्यात मायनं बांधून दिलेली शिदोरी असते, तेवढी खाऊन तो उजेड शोधत वर वर पळतो. म्हणून लांब, म्हणून नाजूक. शिदोरी संपली की आडवा. आपण त्याच्या आधीच त्याला तलावात सोडतो म्हणून देवीची अब्रू राहते.

हे सगळं व्याख्यान कुठं चाललं होतं? ओसरीवर. देवीच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून. भिंतीच्या आत त्याची लेक वाती वळत बसलेली. पण बायकांच्या व्रतवैकल्यात गडीमाणसानं डोकं घालू नये असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं, आणि ते काही प्रदर्शनात शिकवलेलं नव्हतं की त्याच्यावर विचार करावा!

आणि धनवंताचं काय? मायच्या मनासारखं झालं म्हणायचं. माघ सरता सरता पोरगी उजळली. गालांवर पिवळसर झाक आली, हात मेणाचे झाले. पहाटे विहिरीवरून कळशी आणताना धाप लागायची, तिकडं सुखवंताबाईचं लक्ष गेलं नाही असं नाही; पण नाजूकपणा तर गोऱ्या मुलींना शोभतोच, असं तिनं स्वतःला समजावलं.

चैत्र लागायच्या आधी चुन्नीलाल मध्यस्थ आला. कोहमाऱ्याकडचे रहांगडाले, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा केवळराम एकुलता. त्यांची आजी रुख्मिणीबाई, घरात तिचाच शब्द. तिला तुमची पोरगी पसंत आहे, म्हणाला, पाहायला येतात ते फक्त रीत म्हणून. सुखवंताबाईला विचारायला हवं होतं, की न पाहता पसंत कशी? पण आनंदात माणूस प्रश्न विचारत नाही. पोरगी गोरी झाल्याची बातमी कोहमाऱ्यापर्यंत गेली, असंच तिनं धरलं. देवीपुढं नारळ फोडला. सासूच्या फोटोकडं बघून मान वर केली.

रामनवमीच्या तोंडावर पाहुणे आले. बैलांच्या रेंगीतून आधी रुख्मिणीबाई उतरली, काठी टेकत, डोळ्यांवर हाताची सावली धरत. मागं केवळराम आणि त्याचा बाप रामलाल. सुखवंताबाईनं लेकीला हिरवं लुगडं नेसवून ओसरीवर आणलं. त्या उजेडात येताच पोरीनं डोळे मिटले, आणि खांबाला हात लावून उभी राहिली.

रुख्मिणीबाईनं तिला खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं. तिचे हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे केले. मग चुन्नीलालकडं वळली.

"हे ते पोरगी नोहे."

रुख्मिणीबाईनं मग सगळं सांगितलं. गेल्या आषाढात ती फुलचूरला लेकीकडं आली होती. परत जाताना मुर्रीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रेंगीचा कणा मोडला, तर तासभर झाडाखाली बसून तिनं पटल्यांच्या बांधीतली रोवणी पाहिली. ओळीत एक पोरगी होती. काळीभोर. हात असे चालत, की बाकीच्या तिच्यामागं फरफटत होत्या. गाणं तीच उचलत होती. धुऱ्यावरच्या गड्याला विचारलं तर म्हणाला, पाटलाच्याच घरची आहे. त्याच वेळी ठरवलं होतं, केवळरामासाठी करायची तर हीच. आमच्या घरी सहा नांगर आहेत, बाई म्हणाली, चिनी बाहुली काय करू?

"दाखवायची एक अन् द्यायची दुसरी, हे आमी लई पाहिलं," ती म्हणाली. "त्या काळ्या पोरीले कोठं लपवून ठेवलं?"

सुखवंताबाईच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या घरी येऊन काळी पोरगी मागत होतं, आणि ती तिच्याकडं शिल्लक नव्हती! तिनं शपथा घेतल्या. देवीची घेतली, धन्याची घेतली. हीच ती, एकच पोरगी आहे मला, खोटं बोलत असेन तर जीभ झडो. रुख्मिणीबाईनं काठी उचलली आणि रेंगीकडं तोंड केलं.

तेव्हा गुलाबचंद पुढं झाला. घराची अब्रू जात होती आणि त्याच्याजवळ होतं नव्हतं ते शास्त्र त्यानं बाहेर काढलं. म्हणाला, आजी, बसा. रंग बदलतो. भोपळ्याचं पान घ्या. झाकून ठेवा, पिवळं पडतं. म्हणून तर आमची तुळस मी अंगणात नेली. जवारा घ्या. अंधारात ठेवला की ऊन मिळत नाही, ऊन नाही तर चूल बंद, चूल बंद की उपास, आणि उपासानं... तशीच आमची पोरगी कार्तिकापासून त्या खोलीत...

इथं तो थांबला. त्यानं खोलीच्या दाराकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, मग खांब धरून उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं. तीन महिने सगळ्या मुर्रीला समजावून दमलेल्या माणसाला ती गोष्ट त्या क्षणी समजली.

रुख्मिणीबाई म्हणाली, "तुमाले हे ठाऊक होतं. मंग पोरीले काऊन कोंडलं?"

"माणसाच्या अंगात ते हिरवी वस्तू नसते, आजी," गुलाबचंद पुटपुटला. "पोरगी काई पान नोहे."

"नसन," ती म्हणाली. "पण तुळशीले अंगणात नेलं अन् लेकीले आत ठेवलं. शाबास तुमची."

तरी म्हातारी न्यायाची होती. म्हणाली, आषाढात पुन्हा येईन. बांधीत उभी करा. ती असेल तर हातच सांगतील. नसेल तर राम राम.

पाहुणे गेले. आता कोणी म्हणेल, सुखवंताबाई शहाणी झाली असेल. छे! तिनं दुसऱ्याच दिवशी लेकीला अंगणात उन्हात बसवायचं ठरवलं, चैत्राच्या भर दुपारी. रंग अंधारानं गेला तर उन्हानं आणू, हाय काय अन् नाय काय. गुलाबचंदनं आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या वाटेत आडवा पाय घातला. चैत्राच्या नवरात्रातही घरी जवारा बसे; त्यातली एक दुरडी त्यानं शिरवू न देता मागं ठेवून घेतली. ती त्यानं दोन भागांत वाटली. अर्धी दुपारच्या उन्हात ठेवली. संध्याकाळी कोंब करपून झोपले. अर्धी मांडवाखाली ठेवली, जिथं फक्त सकाळचं कोवळं ऊन झिरपतं. तिची टोकं आधी हिरवी झाली, मग सगळी दुरडी हिरवी झाली, आणि कोंब आपापल्या पायावर उभे राहिले. सुखवंताबाई रोज येऊन बघत होती. शेवटी लेकीचा पाट तिनं मांडवाखाली सरकवला.

धनवंता अशा रीतीनं दुसऱ्यांदा दुरडी झाली. सकाळचं ऊन, मग जरा चढतं ऊन, मग विहिरीवर फेऱ्या, मग मोह वेचायला. आळीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, किती हिरवी झाली ओ पोरगी? ती हसायची नाही, रडायचीही नाही. फक्त एकदा सुलोचनाबाईला म्हणाली, की आमच्या घरी सगळ्यांना माझा रंग दिसतो, मी दिसत नाही. सुलोचनाबाईनं ते सुखवंताबाईच्या कानावर घातलं. सुखवंताबाईला ते लागलं. दिवसभर तिच्या हातून भाकरी करपत राहिल्या.

आषाढ आला, बांधी भरल्या, पऱ्हे उपटून जुड्या बांधून झाल्या. पोरगी पुन्हा मूळ रंगावर आली होती, जवळजवळ. पण पाच महिन्यांचा अंधार हातांतून एवढ्या लवकर निघत नाही. ओळीत ती मागं पडत होती, कंबर धरत होती. सुखवंताबाई पदर नाकावर ओढून तिच्या शेजारी राहिली, लेकीच्या वाटणीचे पऱ्हे हळूच आपण लावत. पाहुण्यांच्या नजरेला ओळ सरळ दिसावी एवढीच तिची धडपड. देवी, एवढी वेळ निभावून ने, पुढं पोरीला बोटही लावणार नाही, असं मनात म्हणत होती. हात दोघींचं काम करत होते आणि भीती घालवायला तिनं गाणं उचललं. मजुरणींनी मागून ओढलं.

रेंगी धुऱ्यावर कधी लागली ते कोणाला कळलंच नाही. एकदम काठीचा आवाज आला आणि म्हातारीचा त्याहून मोठा.

"हेच ते! हेच ते पोरगी! हात पाहून घे रे केवळराम!"

सुखवंताबाईनं मान वर केली तर काठीचं टोक थेट तिच्याकडं होतं.

ती सरळ उभी राहिली. ओला पदर मागं सरला. चाळिशीची, कपाळावर आडव्या रेघा पडलेली, इंजिनातून पडलेल्या कोळशासारखी बाई चिखलात गुडघाभर उभी, हातात पऱ्ह्यांची जुडी. केवळरामनं मान फिरवली. मजुरणी अशा हसल्या, की बांधीतले बगळे उडाले.

रुख्मिणीबाई धुऱ्यावर बसली. तिलाही हसू आवरेना. पाटलाची बायको रोवणीत असेल असं धुऱ्यावरच्या गड्यानं सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं. गेलं वर्षभर ती जिला सून करायला निघाली होती ती ही विहीण.

सुखवंताबाईला हसू आलं नाही. जो रंग पुसायला तिनं लेकीचा हिवाळा काळोखात घातला, तोच पसंत पडला होता, आणि तिच्याच अंगावरचा. एवढ्या वर्षांत तिला कोणी पसंत आहे असं तोंडानं म्हटलं नव्हतं. म्हटलं तेही चुकून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चिखलाच्या हातानं ते पुसताही येईना. पण पुढच्याच क्षणाला तिला कळलं की सोयरीक मोडली. धनवंता शेजारी उभी होती, कंबरेवर हात ठेवून, धापा टाकत.

"आता काय करू?" रुख्मिणीबाई म्हणाली. "पोरी, मी त तुह्या मायले पाहून आली होती. तुले काई बोलायचं आहे का?"

पाहायला आलेल्यांनी पोरीला असं विचारायची रीत नव्हती, आणि पोरींनी उत्तर द्यायचीही नव्हती. सुखवंताबाईनं सवयीनं तोंड उघडलं, लेकीच्या वतीनं बोलायला. धनवंता तिच्या आधी बोलली.

"तुमच्या घरच्या बाया बांधीत उतरतात का?"

"उतरतात," म्हातारी म्हणाली. "मीबी उतरत होती. आता गुडघे नाही म्हणतात."

"अन् उतरायचं की नाही, ते कोण ठरवते?"

"जिचे पाय, ते ठरवते."

धनवंतानं केवळरामाकडं पाहिलंही नाही. घर केवढं, नांगर किती, सोनं किती, काही विचारलं नाही. ती म्हणाली, "मंग माही हो आहे. माहे हात आता मायसारखे नाहीत. होतील."

रुख्मिणीबाई काठी टेकून उठली आणि मागं उभ्या रामलालला, केवळरामाच्या बापाला, म्हणाली, पाटलाला बोलाव, सुपारी आण.

सगळं सुखवंताबाईच्या मनासारखं झालं होतं. सहा नांगरांचं घर, एकुलता मुलगा, सुपारी. याचसाठी तर तिनं देवीला साकडं घातलं होतं. पण लेकीनं त्या घराला हो म्हटलं ते कशासाठी, हे बांधीतल्या प्रत्येक बाईनं ऐकलं होतं, आणि तिनंही. ती धनवंताजवळ गेली. तुह्या भल्यासाठी असं म्हणायला तोंड उघडलं, आणि तो शब्द तिनं सोडून दिला.

"घरी जा, बाई," ती शेवटी म्हणाली. "दमली असशीन."

"नाही," धनवंता म्हणाली, "मले अजून ऊन पाहिजे," आणि मायच्या हातातली जुडी घेऊन ओळीत वाकली.